हातचा डबा

भट्टी गार झाली तर…

मिस्त्रींनी हे वाक्य एकतीस वर्षांत एकदाही पुरं केलं नव्हतं. पुढचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते कामावर नवे असताना एका पाळीत कोळसा कमी पडला आणि वितळलेलं लोखंड भट्टीच्या पोटातच थिजलं. अकरा दिवस माणसं ते पहारींनी फोडत होती. बाराव्या दिवशी त्यांचे उस्ताद घरून निघालेच नाहीत. पुढेही कधीच नाहीत.

म्हणून दर पाळीला एक डबा जास्त.

डबा म्हणजे रुळांवरून भट्टीच्या तोंडापर्यंत चढणारी कोळशाची गाडी. साहेबांच्या कागदावर पाळीला वीस डबे. मिस्त्री दुसऱ्या पाळीचे. ते एकविसावा चढवत. त्यांची माणसं त्याला हातचा डबा म्हणत आणि बाहेर ब्र काढत नसत.

*

भाची.

बहिणीची मुलगी, इंजिनीअर झालेली. ही भट्टी ठेवायची की मोडून विजेची आणायची, ते ठरवायला कंपनीने तिच्या पथकाला बोलावलं होतं. सहा आठवडे तिने जागोजागी मापकं लावली. कारखान्यात ती मामांना ‘मिस्त्री’ म्हणायची, आणि त्यावरून माणसं मामांची टर उडवायची. रविवारी ती घरी आली. मामीने दिलेला चहा तिने तसाच ठेवला.

“मामा, उद्या अहवाल जातो. भट्टी थकलीय. रोज तीन डबे कोळसा जास्त खाते. भिंत झिजल्याशिवाय असं होत नाही.”

विजेच्या भट्टीवर किती माणसं लागतील, असं मिस्त्रींनी विचारलं. दोनशेदहाच्या जागी चाळीस, ती खाली बघत म्हणाली.

मिस्त्री टेबलावरचा चहाचा ओघळ बोटाने पुसत राहिले. बोललं तर भट्टीवरचा आळ जाईल. पण मग तिन्ही पाळ्यांत डबे भरणारी अठरा माणसं खोटी ठरतील, आणि ते काम कुणी त्यांच्या हाती ठेवणार नाही. तोंड मिटून बसलं तर एकशेसत्तर घरी बसतील.

“त्यातला एक डबा माझा,” ते म्हणाले. “भिंत ठीक आहे.”

तिने वर पाहिलं.

“मग उरलेले दोन?”

मामी चहा परत तापवायला घेऊन गेली.

*

उरलेले दोन दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना सापडले. पहिल्या पाळीचा मिस्त्री, ज्याला सगळे लंबू म्हणत, त्याने खांदे पाडून कबूल केलं. तिसऱ्या पाळीच्या मिस्त्रीला उपदेशाच्या खोडीमुळे गुरुजी हे नाव पडलं होतं. त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं; त्यांनी आधी आढेवेढे घेतले.

“मला वाटायचं, तुम्ही दोघं कागदाप्रमाणे चालता,” ते शेवटी म्हणाले. “म्हणून तर मी टाकायचो.”

तिघेही हसले. हसू फार टिकलं नाही.

*

भाचीने आठ दिवस अहवाल थांबवला. आठ दिवस वीसच.

पहिला दिवस: वीस.

दुसरा: वीस. मिस्त्री तासातासाला निळ्या काचेतून आत बघत होते.

चौथा: वीस. पाळी संपल्यावरही ते घरी गेले नाहीत. लंबू म्हणाला, भट्टीला बाळंतपण आहे का?

सहावा, सातवा.

आठव्या दिवशीही भट्टीतून लोखंड सोडलं. पांढरं, पातळ, सरसर वाहणारं. नेहमीसारखंच.

म्हणजे एकतीस वर्षं रोज…

ती बेरीज भाचीने केली असणारच. तिने सांगितली नाही, त्यांनी विचारली नाही.

*

भट्टी राहिली. कोळसा तोलून चढवणारं यंत्र आलं, आणि अठरा माणसांना महिनाअखेरीस निघायची नोटीस मिळाली, तिन्ही मिस्त्री धरून. मिस्त्रींच्या सर्वांत जुन्या जोडीदाराने त्यांच्याशी बोलणं टाकलं. टाकण्याआधी एवढंच म्हणाला, “सगळे गेलो असतो तर निदान एकमेकांबरोबर गेलो असतो.”

राहिलेल्या एकशेब्याण्णवांपैकी कुणी त्यांना काही म्हणालं नाही, बरं नाही की वाईट नाही.

भाचीने यंत्र चालवून दाखवलं. पडद्यावर आकडा होता: वीस.

“यात हातचा नाही?”

“नाही, मामा,” ती सगळ्यांदेखत म्हणाली.

*

शेवटच्या पाळीत वीस डबे वर गेले. खाली रुळावर एकविसावा भरून उभा होता. कुणी भरला, हे कुणी विचारलं नाही. मिस्त्रींचा हात डबा वर चढवायच्या खटक्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

मग त्यांनी फावडं घेतलं आणि डब्यातला कोळसा परत ढिगावर टाकायला लागले. थोड्या वेळाने शेजारी दुसरं फावडं वाजायला लागलं. जुना जोडीदार होता.

डबा रिकामा झाल्यावर दोघे एकाच नळावर हात धुवायला गेले.