चंपतरावांच्या दाढेचं फिटिंग

चंपतरावांनी भिलाईच्या स्टील प्लांटात फिटर म्हणून जन्म काढला. त्यांनी बसवलेल्या बेअरिंगमध्ये मुंगीलाही कूस बदलता येत नसे. रिटायर झाल्यावर एकच मान उरला होता: जुनवानी वस्तीतल्या घरी रविवारी मटण शिजलं की नळी दाढेनं फोडावी ती त्यांनीच. जो फोडेल, मगज त्याचा.

आणि नेमकी खालची दाढच गेली. दातांची डॉक्टर असलेल्या पुतणीनं, प्रेरणानं, तिथं स्क्रूवाली दाढ बसवली आणि दातांमध्ये निळा कागद धरला. "हळूच चावा, मोठेबाबा."

सगळ्या दातांवर निळे ठिपके. नवी दाढ कोरी करकरीत!

"ही कायची फिटिंग हाये वं? टेकूनच नाही राहिली!" मशीन शॉपमध्ये निळा रंग फासून भाग जुळवायचे, निळं सगळीकडे सारखं उमटलं तरच काम पास.

"मुद्दाम ठेवली तशी," प्रेरणा म्हणाली. "खऱ्या दाताभोवती बारीक तंतूंची गादी असते. दात जरासा दबते, गादी डोक्याले सांगते, बस कर बावा. हा स्क्रू सरळ हाडात. दबत नाही, सांगतही नाही. बाकीचे दात दबले की मगच हिनं टेकावं. नाहीतर सारा जोर हिच्यावरच."

"गादी पायजे साहेब लोकाइले!"

घरी येऊन चंपतरावांनी कानस काढली. नवी दाढ घासून काही उंच होत नाही, म्हणून शेजारचे भले दात घासून ठेंगणे केले. तो आवाज ऐकून त्यांची बायको शालूबाई दोनदा कुकर बघून आल्या. कार्बन पेपर चावून पाहिला, तर नव्या दाढेवर ठसठशीत निळं. काम पास!

रविवारी शेजारचा धोंडबा म्हणाला, "नको फोडू, पोरगी रागवंल."

"तुले मगज पायजे, म्हनून बोलून राहिला."

नळी दाढेखाली गेली. दाबलं, खालून काहीच खबर नाही. आणखी दाबलं. वरची अस्सल दाढ 'बस, बस' ओरडत होती, पण फिटर स्वतःच्या फिटिंगवर भरवसा ठेवणार की तिच्यावर? असा कडाका उडाला की तिकडे भिलाई-3च्या रेल्वे यार्डात डबे जोडले गेले समजून गार्डनं हिरवी झेंडी दाखवली.

नळी फुटली. वरची दाढही फुटली, उभ्या दोन फाकी. स्क्रूला मात्र ओरखडा नाही.

चंपतरावांचा जबडा उघडा तो उघडाच. "आ... आही..." नळीकडे बोट दाखवत ते नाचू लागले.

"हो हो, तुहीच हाये, कोन नाही म्हनते?" धोंडबानं नळी उचलली आणि सुर्रकन ओढली. "थंडी होऊन राहिली होती ना बे!"