केसरबाईंनी सुई सोडली

शमुवेल पाटोळे लबाड नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. लबाड असता तर आज सुखात असता. कुरुळीत एका पत्र्याच्या शेडमध्ये त्याची मंडळी जमायची. कुणी शिफ्टवरून आलेलं, कुणी शिफ्टला निघालेलं, सगळी मिळून जेमतेम तीस-चाळीस माणसं. पाळक म्हणून त्यानं त्यांची लग्नं लावली, भांडणं मिटवली, आजाऱ्यांच्या उशाशी बसला. "पाटोळे पाळक खोटं बोलायचा नाही," असं शेजारचा गॅरेजवाला युनूससुद्धा छातीठोक सांगायचा. आता हे चांगलं नावच मेलं नडलं, त्याला काय करता!

झालं असं, की भोसरीच्या एका मंगल कार्यालयात चेन्नईहून मोठे प्रचारक आले. त्यांना मराठी येत नव्हतं आणि लोकांना त्यांचं इंग्रजी कळत नव्हतं. मग दुभाषी कोण? तर आपला शमुवेल. अंगात कोट, हातात माईक आणि समोर हजारभर माणूस. जन्मात पहिल्यांदा एवढी माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. माणूसच तो, छाती फुगणारच.

प्रचारकांनी आजाऱ्यांना वर बोलावलं, तशा केसरबाई चढल्या. त्या शमुवेलच्याच मंडळीतल्या. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायच्या आणि शुगरपायी रोज पोटात इन्सुलिनची सुई टोचून घ्यायच्या. प्रचारकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि शमुवेलला म्हणाले, बाईंना कसं वाटतंय ते विचार.

"मावशी, कसं वाटतंय?"

"तुमी हाय म्हनून धीर आला, पाळकसाहेब. पर पायाला मुंग्या हायेतच की. चक्कर बी येती."

प्रचारकांचे हात आधीच वर गेले होते. कीबोर्डवाला सूर धरून थांबला होता. अशा वेळी 'बाईंना काही फरक नाही' म्हणायला काळीज लागतं, आणि शमुवेलचं नेमकं तेव्हाच पातळ झालं. जिभेला काय, हाड नसतं. तो इंग्रजीत म्हणाला, बाई पूर्ण बऱ्या झाल्या. प्रचारक आनंदानं गरजले, आणि त्यांचं ते बोलणं त्यालाच परत मराठीत सांगावं लागलं: "केसरमावशी, प्रभूनं तुमची शुगर काढून टाकली!"

बाईंना इंग्रजी कुठलं कळायला? त्यांनी ऐकलं ते शमुवेलचं मराठी. आणि शमुवेल तर खोटं बोलत नसतो. बाई तिथंच ढसाढसा रडल्या.

पुढच्या रविवारी शेडमध्ये उभं राहून त्यांनी साक्ष दिली. "म्या सुई सोडली! प्रभूनं बरं केल्यावर सुई कशाला पायजे?" लोकांनी हालेलुयाचा एकच गजर केला. भोसरीची सभा बघून आलेली नवी माणसं दारापर्यंत दाटली होती.  उपासना झाली की बाईंना बाजूला घेऊन खरं काय ते सांगू, असं शमुवेलनं ठरवलं. मग ठरवलं, पुढच्या रविवारी सांगू. अरे बाबा, सांग ना एकदाचं! पण नाही. माणसं वाढत चालली होती, आणि तोंड उघडलं तर सगळी उठून जातील, या धास्तीनं तो गप्प बसला. घरी गुडघे टेकून मात्र देवाला सगळं सांगायचा. देवाला ते ठाऊकच होतं. जिला सांगायचं ती बाई दोन गल्ल्या सोडून राहत होती.

शेवटी बाईंची सून मिनल कंपनीतून अर्धी शिफ्ट टाकून त्याच्या दारात आली.

"आईंच्या पायाला जखम झालीय. वास मारतोय. डॉक्टरांना जाऊन विचारलं, तर म्हणाले, आजच इन्सुलिन सुरू करा, नाहीतर बाई हाताला लागायच्या नाहीत. मला जवळ येऊ देत नाहीत, दवाखान्यात यायला तयार नाहीत. तुमच्याशिवाय त्या कुणाचं ऐकणार नाहीत."

शमुवेल अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला.

केसरबाई कॉटवर पडल्या होत्या. ओठ सुकून गेले होते. पाळक आलेले बघून त्या उठायला लागल्या. शमुवेल खाली फरशीवर बसला आणि त्यानं बोलून टाकलं.

"मावशी, मी खोटं बोललो. तुम्ही म्हणालात, पायाला मुंग्या येतात, चक्कर येते. मी त्यांना सांगितलं, बऱ्या झाल्या. प्रभूनं काही सांगितलं नव्हतं, मीच सांगितलं. एवढ्या लोकांत फजिती नको म्हणून सांगितलं. हात जोडतो, सुई घ्या."

मिनलच्या हातात भरलेलं इंजेक्शन होतं. "इतके दिवस तुम्हाला ठाऊक होतं?" तिनं विचारलं. तो हो म्हणाला.

केसरबाई मात्र हसल्या. अगदी मायेनं हसल्या.

"न्हाई वो, पाळकसाहेब. तुमी खोटं बोलनारं मानूस न्हाई. सैतान लई वंगाळ, त्यो पाळकालाच धरतो. माजा इस्वास मोडायला तुमच्या तोंडून बोलतोय त्यो."

"मावशी, शपथ घेऊन सांगतो..."

"शपथ घिऊ नगा. तुमीच शिकवलंय आमाला. या हिकडं."

त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात तव्यासारखा तापला होता. "बापा, ह्यो तुझा सेवक लई दमलाय. त्याच्या मनात शंका घालनाऱ्याला हाकलून लाव. त्याचा इस्वास त्याला माघारी दे. माजी काळजी तू घेतलीच हाईस. येशूच्या नावानं मागते."

जन्मभराची सवय ती. प्रार्थना संपली की तोंड आपसूक उघडतं.

"आमेन," शमुवेल म्हणाला.

केसरबाईंनी समाधानानं डोळे मिटले. "आइकलंस का पोरी? पाळकसाहेबच आमेन म्हनले. ठिव ती सुई."

"नाही मावशी, तसं नाही," तो म्हणत राहिला, पण बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. मिनलनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि सुईवर टोपण बसवलं.