सातवा रकाना

"सातवा रकाना रिकामाच ठेवलाय तुम्ही, काका," खिडकीपलीकडची बाई म्हणाली आणि तिने अर्ज परत सरकवला.

कंपाउंडरने चष्मा नाकावर वर ढकलला. 'वाहनात कोणी वास्तव्यास आहे काय?' पुढे दोन चौकोन होते, होय आणि नाही.

चाळीस वर्षं त्याने एकाच डॉक्टरच्या दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधल्या होत्या. दवाखाना बंद होऊन सहा वर्षं उलटली, तरी गल्ली त्याला कंपाउंडरच म्हणे. नगरपालिकेच्या या खिडकीशी तो नवव्यांदा उभा होता. आधीचे आठही अर्ज कचऱ्याबद्दलचे. त्याच्या घरामागच्या मोकळ्या जागेत दिवसाढवळ्या ट्रक रिकामे होत. पाडलेल्या भिंतींचा राडारोडा, फाटक्या गाद्या, कसले कसले गळके डबे. तेवढ्यावरही भागलं असतं. पण आठवड्यातून दोन-तीनदा कोणीतरी तिथे तारांची भेंडोळी आणून पेटवी. वरचं प्लास्टिक जळलं की आतलं तांबं मोकळं होई. तो काळा धूर सरळ त्याच्या घरात शिरे, आणि घरात त्याची बायको दोन उशांना टेकून एकेक श्वास ओढत बसलेली असे. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी हात टेकले होते. "औषध मी देतो, पण आधी तो धूर थांबवा," ते म्हणत.

धूर थांबवायचा कसा? पालिका म्हणे, जागा दुसऱ्या खात्याची. ते खातं म्हणे, कचरा पालिकेचा. दोन्हीकडे चकरा मारून त्याच्या नाकी नऊ आले होते.

"जागेचा वाद मिटेपर्यंत कचऱ्याला कोणी हात लावणार नाही," बाई आवाज उतरवून म्हणाली. ती वाईट नव्हती. "पण बेवारस वाहनाचं तसं नाही. आठ दिवसांत उचलावंच लागतं. साहेब स्वतः जातात. ढिगाजवळच्या त्या जुन्या व्हॅनच्या निमित्ताने एकदा तिथे गेले, की बाकीचं दिसेलच त्यांना."

"आणि आत कोणी राहत असलं तर?"

"तर अर्ज पुनर्वसनाकडे जातो. तिकडे गेलेला अर्ज परत आलेला मी तरी पाहिला नाही."

व्हॅनमध्ये ड्रायव्हर राहत होता. शाळेच्या मुलांना नेण्या-आणण्याची ती गाडी. शाळा बंद पडली, मालक कुठे निघून गेला कोणाला कळलं नाही. गाडी तिथेच राहिली आणि गाडीबरोबर ड्रायव्हरही. साठीचा, एकटा, मोजकं बोलणारा माणूस. तारा जाळणारे आले की तो लगबगीने येऊन कंपाउंडरच्या मागच्या खिडकीवर टकटक करी. "वहिनी, लावून घ्या. पेटवताहेत." खिडक्या वेळेत लागल्या, की बायकोचा तो दिवस निभावून जाई.

रांगेतल्या मागच्या माणसाने घसा खाकरला. आदल्याच दिवशी बायकोचे ओठ निळे पडले होते. कंपाउंडरने 'नाही'च्या चौकोनात खूण केली आणि खाली सही ठोकली.

"काय झालं हो?" घरात पाऊल टाकताच बायकोने विचारलं.

"घेतली तक्रार. साहेब स्वतः येणार आहेत."

"खरंच?" ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि हसण्यानेही तिला धाप लागली.

ड्रायव्हरला सांगून टाकावं म्हणून तो तीनदा मागे गेला. तिसऱ्या वेळी ड्रायव्हर व्हॅनच्या दारावर ओला सदरा वाळत घालत होता. "काय कंपाउंडर, आज इकडे कुठे?"

"सहज आलो," तो म्हणाला आणि माघारी फिरला.

सहाव्या दिवशी सकाळी क्रेन आली. कंपाउंडर खिडकीआडून बघत होता. ड्रायव्हर एक पिशवी आणि घडी घातलेलं कांबळं घेऊन खाली उतरला. साहेबांनी हातातल्या कागदावरून त्याला काहीतरी वाचून दाखवलं. त्याने मान हलवली. वाद घातला नाही, हात जोडले नाहीत. साखळी ताणली गेली, चाकं जमिनीतून सुटली, तसा कंपाउंडर बाहेर धावला.

"साहेब, हा ढीग? सारख्या तारा पेटवतात इथे."

"आजोबा, मी वाहनांचा," साहेब गाडीत बसत म्हणाले. "ढीग माझ्याकडे येत नाही."

क्रेन वळून गेली. त्याने मागे पाहिलं तोवर ड्रायव्हरही गेला होता.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," बायको म्हणाली. "कोणी केलं असेल हो हे? त्याने कोणाचं काय घोडं मारलं होतं?"

कंपाउंडर तिच्या पायांवरची चादर नीट करत राहिला.

व्हॅन गेल्याने ट्रकना आणखी आत शिरता येऊ लागलं. ढीग मागच्या भिंतीला येऊन टेकला. क्रेन येऊन गेल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी तो औषधं आणायला गेला होता. परतला तेव्हा खोली काळवंडली होती. बायको पलंगावर नव्हती. उघड्या खिडकीखाली पडली होती. स्वतः उठून लावायला गेली असावी.

सरकारी इस्पितळात तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवला. तिथल्या चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "जगल्या तरी त्यांना पुन्हा त्या घरात नेऊ नका." दुसरं घर त्याच्याजवळ नव्हतं.

तिथून तो उठला आणि थेट पालिकेत गेला. "ताई, मी खोटं लिहिलं होतं. त्या गाडीत माणूस राहत होता."

बाईने संगणकात पाहिलं. "ती तक्रार निकाली निघाली, काका." मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "आता कोणापाशी बोलू नका. तुमच्यावरच उलटायचं."

ड्रायव्हरला शोधण्यात त्याचे आणखी दोन दिवस गेले. गॅरेजं झाली, पेट्रोलपंप झाले. शेवटी तो इस्पितळापासून दोन थांबे पुढे, बसथांब्याच्या बाकावर सापडला. दाढी वाढली होती. शेजारी पिशवी आणि कांबळं.

"तुम्हालाच शोधत होतो," कंपाउंडर उभ्यानेच म्हणाला. "ती तक्रार माझी होती."

"माहीत आहे. साहेबांनी वाचून दाखवली. नाव होतं खाली."

"मग दारात का नाही आलात? चार शब्द सुनावायचे होतेत मला."

"वहिनी आत होत्या," ड्रायव्हर म्हणाला. "त्यांना ऐकू गेलं असतं." मग त्याने विचारलं, "कशा आहेत?"

कंपाउंडरने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. एक बस आली, थांबली. दोघांपैकी कोणी चढत नाही असं पाहून निघून गेली.

ड्रायव्हरने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, कांबळं तिच्यावर ठेवलं आणि थोडा बाजूला सरकला.