चिंचेवरचे करकोचे

मानसिंगने फटाक्यांची माळ चिंचेच्या खालच्या फांदीला अडकवली आणि शालूबाईकडे काडेपेटी मागितली. तिने ती पदराखाली घट्ट धरली होती.

"आवं, वर पिल्लं हायती."

"हायती म्हून तर! परवा उंब्रजची पाव्हणं हितंच जेवायला बसणार. आपल्या पोरीच्या, शिवांजलीच्या लग्नात पाखरांनी पत्रावळीत शिटायचं व्हय?"

शहाण्णव सालचा वैशाख होता. कडेगावजवळच्या त्या अंगणात दुसरी सावली नव्हती. चिंचेवर रंगीत करकोच्यांची बारा-तेरा घरटी होती, आणि खाली कुजक्या मासळीचा वास भरून राहिलेला. एकवीस वर्षं फौजेत काढून आलेल्या मानसिंगला या पाखरांचा हा वासच तेवढा माहीत होता.

"त्यो बघा," शालूबाईने बोट वर केलं.

भर उन्हात एक करकोचा पिल्लांवर पंख पसरून उभा होता. शेपटाजवळची पिसं गुलाबी, चोच पिवळीधमक. तेवढ्यात दुसरा तळ्याकडून आला आणि चोचीतलं पाणी त्याने पिल्लांच्या अंगावर सोडलं.

"दुपारभर ह्येच चालतं त्यांचं. मोठ्यांना आवाज न्हाई. काय सांगायचं झालं की नुसत्या चोची वाजिवत्यात. कलकलाट करत्यात ती पिल्लं."

"तुला कसं ठावं?"

"तुमी पलटणीत, मी हितं. नव्या सुनंनं येशीकडं बघत बसलं की सासूबाई बोलायच्या. झाडाकडं बघितलं तर कोन काय म्हननार?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मानसिंगने फांदीवरची माळ सोडवली.

मांडव ऊस तुटलेल्या रानात उभा राहिला. ढेकळं त्याने स्वतः फोडली. पाहुणे उन्हाने कावले, व्याही कुरकुरले. पण लग्न लागलं आणि शिवांजली उंब्रजला गेली.

चौथ्या दिवशी दुपारी, घर मोकळं झाल्यावर, मानसिंग उंबऱ्यात शालूबाईशेजारी येऊन बसला. असा तो कधी बसत नसे. दोघं बराच वेळ वर बघत राहिली.

"एकाहत्तरच्या लढाईत दोन महिनं माझं पत्र न्हवतं," तो म्हणाला. "तवाबी आलती ही?"

शालूबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आली असतील," ती म्हणाली. "त्या साली मी वर बघितलंच न्हाई."