टर्कीला मारलेली हाक

पहूरला माझा धाकटा भाऊ हारुन कोंबड्या कापतो. पण माझा अकरा किलोचा टर्की कापायला तो घरी आला, तर त्यालाही कोंबडीसारखं पाय धरून उलटं लटकवायला निघाला. मी ओरडले, "वर्षभर मी वाढवलाय त्याला! लटकवायचा नाही. माझ्या मांडीवर असतानाच काप."

रिवाज मला ठाऊक आहे. जनावराला आधी पाणी पाजायचं, सुरी दिसू द्यायची नाही आणि दुसऱ्या जनावरासमोर कापायचं नाही. म्हणून दुसरा टर्की मी खुराड्यात कोंडला. पहिला बिथरू नये म्हणून दाणे टाकताना मारते तीच हाक मारली, "आ, आ, आ!" तो धावत आला, पाणी प्याला, आणि ओढणीत गुंडाळल्यावर माझ्या हातावर मान टाकून बसला. हारुनने बिस्मिल्ला म्हणून एकदाच सुरी फिरवली.

"आपा, इतकं शांत जनावर मी पाहिलं नाही," तो म्हणाला. मलाही बरं वाटलं.

संध्याकाळी खुराडं उघडलं. दुसऱ्याने काहीच पाहिलं नव्हतं. मी दाणे टाकले, पण तोंडातून हाक निघेना. तो दाण्यांना चोच न लावता माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.