दुपारी दोनपर्यंत मुकी घंटा

मित्रांनो, शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे हातभर लांबीचा एक गंजका लोखंडी तुकडा पडलेला तुम्ही पाहिला असेल. तो मी. एके काळी मी रेल्वेचा रूळ होतो. कापाकापीत उरलो आणि विक्रोळीला हमरस्त्याच्या कडेच्या एका चाळीत तारेने खांबाला लटकलो. पहाटे पाचला नळाला पाणी आलं की वनमालाबाई मला हातोडीने दोन ठोके द्यायची आणि सगळी चाळ हंडे-कळशा घेऊन धावायची. काम एवढंच, पण मला त्याचा फार अभिमान होता.

वनमालाबाईचे यजमान गुणाजी परब. कारखान्यात कायम तिसऱ्या पाळीला. सकाळी आठला घरी येत, पेज जेवत आणि दुपारी दोनपर्यंत झोपत. पहाटे ते कामावर असल्यामुळे माझा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

चाळीसमोर एक मोकळी जागा होती. नकाशात ती मंडईसाठी राखून ठेवलेली होती, पण मंडई काही आली नाही. इकडे मोठ्या मुलांना शाळेसाठी हमरस्ता ओलांडावा लागे, आणि रस्त्यावर ट्रकमागून ट्रक. चाळीमागच्या गणपतीच्या शेडमध्ये नलिनीबाई पहिली-दुसरीचे वर्ग चालवत. ही जागा शाळेला मिळावी म्हणून त्यांनी १९८४ साली पालिकेकडे अर्ज केला. आरक्षण बदलायचं आहे, कुणाची हरकत असेल तर महिन्याभरात कळवा, अशी सूचना पेपरात आली.

एकच हरकत गेली, गुणाजींची. खाली बावीस रात्रपाळीवाल्यांच्या सह्या होत्या. ती टिकली असती तर शाळा राहिली असती कागदावरच.

एके दिवशी वर्गांना सुट्टी देऊन नलिनीबाई सकाळी दहाला गुणाजींच्या दारात आल्या.

"झोपलेत," वनमालाबाई म्हणाली. "उठवलंत तर अजून एक हरकत वाढेल."

"मग बसते मी."

"दोन वाजतील हो बाई."

"वाजू देत."

बाई माझ्याखालीच पायरीवर बसल्या. भंगारवाला ओरडत गेला, कुणाचा कुकर शिट्ट्या देत राहिला, हमरस्त्यावर हॉर्न तर चालूच. प्रत्येक आवाजाला बाई दचकून दाराकडे बघत.

दोनला गुणाजी बाहेर आले. त्यांनी डावा हात पुढे केला. करंगळी अर्धीच होती.

"कारखान्यात प्रेस मशिनखाली गेली. त्या दिवशी झोप नव्हती झाली. शाळेला माझा विरोध नाय बाई. माझी शकु पण पुढल्या वर्षी रस्ता ओलांडणार, मला काय काळजी नाय? पण घंटा, पाढे, कवायत... उरलेली साडेनऊ पण घालवू काय?"

बाई म्हणाल्या, "आणि दोनपर्यंत आवाज झालाच नाही तर?"

"नव्वद पोरं आणि आवाज नाय? तुम्ही मास्तरीण की जादूगार?"

"आठ दिवस बघा. मग ठरवा."

दुसऱ्या दिवसापासून पाण्याचे ठोके देऊन झाले की मला शेडमध्ये नेऊ लागले. तिथे माझ्यावर हातोडी पडेना. बाई माझ्या गळ्यात लाल फडकं बांधत. बांधलं की छोटी सुट्टी, सोडलं की वर्ग. घंटेला फडकं! मला फारच अपमान वाटला. पहिल्या दिवशी तर माझ्याकडे बघायचंच विसरल्यामुळे निम्मी मुलं सुट्टीतच राहिली. पाढे नुसते ओठ हलवून म्हणायचे. एकोणीसच्या पाढ्याला एकाचा आवाज फुटला, तर शकुने त्याला असं काही "शूऽऽ" केलं की तेच जास्त मोठं झालं.

नवव्या दिवशी पालिकेचे साहेब जागा बघायला आले. चाळीच्या पायरीवरच सगळे जमले.

"काय परब, त्रास झाला?"

गुणाजींनी डोकं खाजवलं. "साहेब, आठ दिवस मेल्यासारखा झोपलो."

"घोरणं मात्र शाळेपर्यंत जात होतं," वनमालाबाई म्हणाली. "खरं तर बाईंनी हरकत घ्यायला हवी होती."

साहेबही हसले. हरकत मागे घेतल्याचं त्यांनी लिहिलं आणि अटी घातल्या. चाळीच्या बाजूला खिडक्या नकोत. पाढे, कवायत आणि घंटा दोननंतर.

"अजून एक लिहा," गुणाजी म्हणाले. "शाळा सुटल्याची घंटा मी देणार."

दोन वर्षांनी शाळा उभी राहिली आणि चाळीने मला तिच्या व्हरांड्यात टांगलं. रोज संध्याकाळी पाचला गुणाजी चट्ट्यापट्ट्यांच्या लुंगीत येत आणि साडेनऊ बोटांनी हातोडी धरून मला तीन ठोके देत. पोरं उधळत बाहेर पडत. हमरस्त्याकडे आता कुणी जात नसे. सकाळच्या फडक्याचाही मला राग येईनासा झाला.

१९८९ साली गुणाजी निवृत्त झाले. बाई म्हणाल्या, "आता सकाळी वाजवायला हरकत नाही."

"कशी वाजवता?" गुणाजी म्हणाले. "आमच्या शेजारचा दशरथ गेल्याच महिन्यात तिसऱ्या पाळीला लागलाय."

फडकं राहिलं.

आता शाळेत विजेची घंटा आहे आणि मी टाकीमागे. वर्षातून एकदा मला तेलाचा हात फिरवलात तर बरं वाटेल. वाटलंच तर ठोकेही द्या, माझा आवाज अजून खणखणीत आहे. पण मित्रांनो, हातोडी उचलण्याआधी जरा शेजारी डोकावून या. कुणी झोपलं असेल तर फडकं बांधा. मी थांबेन.