घरचा नमुना

“थांब गं, अजून दोन कडवी शिजायचंय.”

आईचा हा आवाज चाळीस वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघरातून मला अजून ऐकू येतो. घरात घड्याळ होतं, पण ते बाहेरच्या खोलीत, आणि त्याला किल्ली द्यायचा मान वडिलांचा. आतला वेळ आई गाण्यात मोजायची. कांदा परतायला तीन कडवी, मसूर मऊ व्हायला अकरा आणि झाकण ठेवून मुरायला दोन. मी रिकामी वाटी घेऊन उंबऱ्यावर बसलेली असे. ती माझ्याकडे पाठ करून पळी फिरवायची आणि पळीच्याच तालात म्हणायची:

आच ठेव गं धाकटी, कांदा लाजू दे जरासा
दारी बसली भुकेली, तिला वासाचा भरवसा

त्या भरवशावर मी वाढले आणि मोठी होऊन पाकिटांच्या कारखान्यात नोकरीला लागले.

आमच्या कारखान्यात सूप बनतं. म्हणजे सुपाची पूड बनते. पाकीट फाडा, उकळतं पाणी ओता, चार मिनिटं थांबा. पाकिटावर एक हसरी बाई आहे. हातात पळी, अंगावर कडक इस्त्रीचे कपडे, केस जागच्या जागी. ती कधी शेगडीपुढे उभी राहिली नसावी, हे कुणीही सांगेल. पण तिच्या डोक्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, ‘अगदी घरच्यासारखं’. ह्या ‘अगदी’ला जागण्यासाठी कारखान्यात एक चव-खोली आहे, आणि त्या खोलीत वाट्या मांडणं हे माझं काम.

खोलीत सहा कप्पे. प्रत्येकात एक खुर्ची, एक ग्लास कोमट पाणी, जीभ कोरी करायला दोन बेचव बिस्किटं. वर लाल दिवा, म्हणजे रंगावरून कुणी मत बनवू नये. सूप गाळून द्यायचं, म्हणजे फोडींवरूनही ओळखता येऊ नये. वाटीवर नुसता तीन आकडी नंबर. कुठल्या नंबरात काय आहे ते फक्त मला ठाऊक. चाखणारे चाखतात, दहापैकी गुण देतात आणि घरी जाऊन भलतंच काहीतरी खातात.

एक वाटी मात्र बिननंबराची. तिच्यावर ‘घ’ लिहिलेलं. घरचा नमुना. तो आधी चाखायचा आणि बाकीच्या वाट्या त्याच्याशी ताडून बघायच्या. हा नमुना म्हणजे माझ्या आईचं मसुराचं सूप.

ते कसं झालं, तर चार वर्षांपूर्वी साहेबांनी माझ्या डब्यातला एक घोट घेतला. साहेबांचं नाक तयारीचं. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, “हेच ते घरपण!” तेव्हापासून दर मंगळवारी आई पहाटे उठून सूप करते, थर्मासात भरते आणि मी ते घेऊन जाते. संध्याकाळी दार उघडताना ती आधी थर्मास हातात घेणार आणि मग विचारणार, “किती?”

“नऊ.”

“दहावा कुठं अडकतो मेल्यांचा?”

पण तोंडावर हसू मावायचं नाही. शेजारच्या शिलाईवाल्या काकूंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, “अख्खा कारखाना माझ्या पळीवर चालतो बाई. उद्या मी आजारी पडले तर बंद ठेवावा लागेल.”

मागच्या वर्षी ती आजारी पडली. आठ दिवस ताप. कारखाना काही बंद पडला नाही. थर्मासाविना एक मंगळवार तसाच गेला. ती उठली, कंबर बांधून शेगडीपुढे उभी राहिली, सूप केलं आणि मला वाढलं. मी घोट घेतला आणि गिळताना डोळ्यांत पाणी आलं, इतकं खारट. दुसऱ्या दिवशी मीठच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मसूर बुडाला लागला, धूर बाहेरच्या खोलीपर्यंत आला, आणि ती शेगडीशेजारी बसून निवांत भाजी निवडत होती.

तेव्हा मला कळलं. वास गेला होता. चव गेली होती.

ती बोलली नाही. मीही बोलले नाही. घरी आम्ही दोघीच. ती हात धुवायला उठली की मी मीठ घालायची, जास्त झालं असेल तर गुपचूप पाणी वाढवायची, आणि “झकास झालंय” म्हणायची. वडील गेल्यापासून ती पळी धरून उभी होती. ती हातातून काढून घ्यायची कुणी?

मंगळवार मात्र आला. कारखान्यात सूप चाखलं, आणि कपाळावर हात मारला. चाखणाऱ्यांना यायला वीस मिनिटं होती. आईचं सूप बेसिनमध्ये ओतलं. हाताशी काय होतं? आमचंच पाकीट. फाडलं, पाणी ओतलं, चार मिनिटं थांबले आणि थर्मास भरला. मग ‘घ’ वाटीत तेच आणि नंबराच्या वाटीतही तेच. एकाच पाकिटाची दोन लेकरं.

चाखणाऱ्यांमध्ये भूगोलाचे निवृत्त मास्तर सगळ्यांत जुने. त्यांची जीभ म्हणजे साहेबांच्या मते कारखान्याची मालमत्ता. मास्तरांनी ‘घ’चा घोट घेतला आणि मान डोलावली. मग नंबराची वाटी तोंडाला लावली आणि पेपर तपासताना चुकीची नदी दिसावी तसा चेहरा केला.

“पाकीट ते पाकीट,” ते म्हणाले. “ह्याला सहा. आणि ते नऊ. घरच्या सुपात हात उतरलेला असतो हो. यंत्राला हात कुठून आणणार?”

साहेब चिंतेत पडले. “घरपण कमी पडतंय” म्हणून त्यांनी मिठाचं प्रमाण बदललं. पुढच्या मंगळवारी मी बदललेलं पाकीट दोन्ही वाट्यांत ओतलं. सहा आणि नऊ. त्यांनी मिरी वाढवली. सहा आणि नऊ. धने आले, धने गेले, कांद्याची पूड दुसरीकडून मागवली. कारखाना स्वतःच्याच पाठीमागे पळत होता आणि दर मंगळवारी स्वतःपेक्षा तीन गुणांनी मागे पडत होता.

पहिल्या महिन्यात मला हसू यायचं. पुढे सवय झाली. थर्मास उघडायचा, ओतायचा, विसळायचा. संध्याकाळी दारात सांगायचं, “नऊ.”

“नऊच?” ती एकदा म्हणाली. तेव्हा ती हसली नव्हती, हे मला फार नंतर आठवलं.

गेल्या आठवड्यात साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. “आता आईंनाच बोलवा. त्या स्वतः चाखून सांगतील आपल्यात काय कमी आहे ते.”

घरी येऊन म्हटलं, “साहेब उगाच बोलावतायत. तिथं तीन जिने आहेत. तुझे गुडघे...”

“गुडघ्यांना घालते खड्ड्यात. मी येणार.”

“लाल दिव्यात बसवतात, तुला घाबरायला होईल.”

“मी काय बोहल्यावर चढतेय घाबरायला? फक्त साहेबांना माझा एक निरोप सांग. माझ्या वाटीवर ‘घ’ बिघ नको. नंबर घाला. कुठली कुणाची ते कुणाला कळता कामा नये.”

“का गं?”

“माझी मर्जी.”

आज सकाळी ती ठेवणीतली शाल पांघरून तयार होती. थर्मास मी उचलायला गेले तर हात बाजूला केला. रिक्षात तो तिच्या मांडीवर. जिन्यात तो तिच्या काखेत.

“आई, दे ना, जड आहे.”

“तुला नऊ महिने उचललंय. हा अर्धा लिटर आहे.”

वर साहेब स्वतः दारात उभे. “या, या आई! तुमच्यामुळे आम्ही आहोत.” मास्तर खुर्चीवरून उठले. “आपल्या सुपाचा मी जुना चाहता,” ते म्हणाले, आणि आई चक्क लाजली.

थर्मास तिनं माझ्या हातात दिला तो वाट्यांपुढेच, सगळ्यांच्या देखत. आकडे फक्त मला दिसतील अशा बेतानं ‘चारशे सतरा’मध्ये मी पाकीट ओतलं. ‘दोनशे शहाऐंशी’मध्ये आईचं. तिला पाचव्या कप्प्यात बसवलं. लाल उजेडात तिचा चेहरा तापात दिसायचा तसा दिसत होता.

मास्तरांनी दोन्ही वाट्या चाखल्या आणि बिस्किटाचीही वाट न बघता बोलले.

“ह्यात ओळखायचं काय? चारशे सतरा, नऊ. हात उतरलाय. दोनशे शहाऐंशी म्हणजे गरम पाण्यात खडू. साहेब, आज पाकीट फारच पडलं. दोन गुण देतो, तेही भांडं स्वच्छ होतं म्हणून.”

बाकीच्यांच्या चिठ्ठ्याही तशाच आल्या. साहेब खट्टू झाले, तरी आईकडे वळून अदबीनं म्हणाले, “बघा, घरापुढे आम्ही दोन गुणांचे! आता तुम्हीच सांगा, आमच्यात काय कमी आहे?”

आईनं एका वाटीतला चमचा तोंडात घेतला. बराच वेळ ठेवला. मग दुसऱ्या वाटीतला. सगळे तिच्या ओठांकडे बघत होते. तिनं चमचा खाली ठेवला, शाल नीट केली.

“साहेब, मला कशाचीच चव लागत नाही,” ती म्हणाली. “तापापासून. आठ महिने झाले. गूळ काय नि माती काय, मला सारखंच. मीठ मी आठवणीनं घालते.”

मास्तरांनी दोन्ही हात जोडले.

“आठ महिने! आणि दर मंगळवारी नऊ! ऐकलंत साहेब? डोळ्यांवर पट्टी बांधून नकाशा काढावा तसं आहे हे!”

“साधना,” साहेब म्हणाले. “ह्याला साधना म्हणतात. पाकिटाच्या मागं छापू या.”

“छापू नका इतक्यात,” आई म्हणाली. “मला शंका होती. घरी ही रोज ‘झकास’ म्हणते. माझं लेकरू आहे, ते म्हणणारच. तुमच्याकडून नऊ. मग गेल्या महिन्यात एका मंगळवारी मी मुद्दाम मीठच घातलं नाही. कणभरसुद्धा नाही. संध्याकाळी विचारलं, किती? तर नऊ.”

“मिठाशिवाय नऊ!” साहेबांनी खिशातून वही काढली. “मास्तर, तुम्हाला कळलं नाही ना? म्हणजे बिनमिठाचं पाकीट काढायला हरकत नाही!”

“मला त्या दिवशी मीठ लागलं होतं,” मास्तर म्हणाले, पण हळू.

आईचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. कप्प्याच्या कडेला धरून ती उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. वाटी घेऊन बसलेल्या भुकेल्या माणसाचे असतात तसे ते डोळे होते.

“म्हणून म्हटलं, नंबर घाला,” ती म्हणाली. “परक्या माणसांना माझी दया यायचं कारण नाही. ते खरं बोलतील. मला कुणीतरी खरं सांगितलं, तर मी मोजून घालेन, चमचे लावेन, तुला विचारून घालेन. नाही जमलं तर शेगडी बंद करेन. पण सगळेच झकास म्हणाले तर मी कशाच्या आधारानं हात चालवू? ह्यातली माझी कुठली, सांग.”

साहेब हसून म्हणाले, “अहो आई, चारशे सतरा! त्यात विचारायचं काय?”

ती माझ्याकडेच बघत राहिली. मी ‘नऊ’ म्हणू शकत होते. गेले आठ महिने तो शब्द माझ्या जिभेवर तयारच असायचा. साहेबांची वही उघडी होती, मास्तरांचे हात अजून अर्धवट जोडलेले होते. मी हो म्हटलं असतं, तर आम्ही तिला वाजतगाजत घरी सोडलं असतं आणि तिनं पुन्हा कधीच कुणाला काही विचारलं नसतं.

“दोनशे शहाऐंशी तुझी,” मी म्हटलं. “चारशे सतरा पाकीट आहे. आई, आठ महिन्यांचे सगळे नऊ पाकिटाचे आहेत. तुझं सूप मी दर मंगळवारी बेसिनमध्ये ओतत होते. बिनमिठाचंही ओतलं. ते बिनमिठाचं आहे हे मला कळलंच नाही, कारण मी ते चाखलं नव्हतं.”